प्रोपेलर बदलण्याआधी आहे तो नीट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सीटचं, चाकं कायम बाहेर असणारं विमान, 160 हॉर्सपॉवरचं लायकोमिंग ओ-320 इंजिन, पुढे धातूचा दोन पात्यांचा फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर. गरम दिवशी चौघं बसले की विमान धड चढत नाही. क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासात, 105 नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) पुढे काटा हलत नाही. तर तीन पात्यांचा प्रोपेलर घ्यावा की कॉन्स्टंट स्पीड (फिरण्याचा वेग कायम राखायला पात्यांचा कोन आपोआप बदलणारा), आणि 10 नॉट कशाने मिळतील?

विमानांची देखभाल हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय, आणि हा प्रश्न वर्षातून दोनतीनदा तरी माझ्यासमोर येतो. यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत असं मला वाटतं. चढण्याचा प्रश्न वेगळा आणि वेगाचा वेगळा. पहिल्याचं उत्तर प्रोपेलरमध्ये सापडू शकतं. दुसऱ्याचं जवळजवळ नाहीच.

आधी वेगाचं बोलू, कारण ते लवकर संपतं. सरळ उड्डाणात लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. 105 वरून 115 नॉटवर जायचं तर 115 भागिले 105, त्याचा घन, म्हणजे सुमारे 1.31. हवेला मिळणारी ताकद 31 टक्क्यांनी वाढायला हवी. इंजिन तेच राहणार असेल तर ही सगळी वाढ प्रोपेलरच्या कार्यक्षमतेतून यायला हवी. तुमचा आत्ताचा प्रोपेलर क्रूझला 80 टक्के कार्यक्षम आहे, म्हणजे इंजिनाच्या ताकदीतला 80 टक्के भाग हवेला देतो असं धरलं, तर नवा 105 टक्के कार्यक्षम लागेल. असा प्रोपेलर कुणी बनवू शकत नाही. 80 चे 84 टक्के झाले, आणि ही मोठी सुधारणा आहे, तरी 105 नॉटचे जेमतेम 107 होतील.

राईट बंधूंच्या 1903 च्या लाकडी प्रोपेलरची कार्यक्षमता सुमारे 75 टक्के होती, हे मी शिकाऊ असताना वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. हाताने तासलेलं लाकूड, आणि 75 टक्के! आजचे चांगले प्रोपेलर 80 ते 85 च्या घरात असतात. शंभराहून जास्त वर्षांत इतकंच अंतर कापलं गेलं, कारण मुळात कापायला अंतरच थोडं होतं. म्हणून कुणी नुसता प्रोपेलर बदलून 10 नॉट वाढवून देतो म्हणाला, तर आधीचा प्रोपेलर किती वाईट अवस्थेत होता ते विचारा. वेग वाढवायचाच असेल तर चाकांवरची फेअरिंग (हवा सहज वाहू देणारी आवरणं), दारांची सीलं आणि फ्लॅप व एलेरॉन या पंखांच्या हलत्या भागांचं रिगिंग, म्हणजे जुळवणी, तपासा. ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी करून मिळणारे नॉट स्वस्त पडतात आणि टिकतात.

आता चढण्याकडे येतो. फिक्स्ड पिच प्रोपेलर म्हणजे एकच गिअर असलेली सायकल. सपाटीला बरा वाटणारा गिअर चढाला जड जातो. तुमचं इंजिन 160 हॉर्सपॉवर देतं ते 2700 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2700 फेऱ्यांना. चढताना विमानाचा वेग कमी असतो, पाती हवेला जास्त कोनात चावतात, आणि इंजिन 2700 पर्यंत पोहोचतच नाही. समजा ते 2450 वर अडकलं. पूर्ण थ्रॉटलला ताकद साधारण आरपीएमच्या प्रमाणात जाते असं धरलं तर तुमच्या हाती 145 हॉर्सपॉवर आहेत. उरलेले 15 इंजिनात आहेत, पण प्रोपेलर ते बाहेर येऊ देत नाही. हे 15 मोकळे झाले आणि चढताना प्रोपेलरची कार्यक्षमता 75 टक्के धरली, तर सव्वाअकरा हॉर्सपॉवर हवेला मिळतात. 2300 पौंडांच्या विमानाला त्यातून मिनिटाला सुमारे 160 फूट जादा चढ मिळतो. गरम दिवशी तुमचं विमान मिनिटाला 300 फूट चढत असेल तर तो आकडा दीडपट होईल. धावपट्टीच्या टोकाला झाडं असतील तर हा फरक फार मोठा आहे.

याच कारणासाठी 1933 चं कॉलियर पारितोषिक (अमेरिकेतला विमानविद्येचा मोठा सन्मान) हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीला आणि तिच्या फ्रँक काल्डवेलला मिळालं, पिच बदलता येणाऱ्या प्रोपेलरसाठी. बोइंग 247 सारखं त्या काळचं आधुनिक विमानसुद्धा उंचावरच्या विमानतळांवरून फिक्स्ड पिचवर उठताना धापा टाकत होतं. तुमची अडचण तीच आहे, फक्त लहान प्रमाणात.

पण यावरून लगेच कॉन्स्टंट स्पीडची ऑर्डर देऊ नका. आत्ताचा प्रोपेलर आणि आत्ताचं इंजिन नक्की काय करतंय हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल, मॅग्नेटोचं (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं) टायमिंग सरकलं असेल, किंवा थ्रॉटल पूर्ण ढकलूनही कार्बोरेटरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकत नसेल, तर कुठलाही प्रोपेलर लावा, चढ वाढणार नाही. थ्रॉटलच्या केबलची ही तक्रार मी तीन विमानांवर पाहिली आहे. तिन्ही वेळा मालक नव्या प्रोपेलरची चौकशी करायला आले होते, आणि केबल जुळवून घेऊन परत गेले.

पहिली मोजणी स्टॅटिक आरपीएमची. विमान उभं, ब्रेक दाबलेले, मिश्रण योग्य, थ्रॉटल पूर्ण पुढे. तुमच्या मॉडेलच्या टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये (विमानाच्या मंजूर रचनेच्या अधिकृत कागदात) त्या प्रोपेलरसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त स्टॅटिक आरपीएम दिलेला असतो. तुमचा आकडा त्या दोहोंच्या मध्ये पडायला हवा. हे वारा नसताना करा. समोरून वारा आला की आरपीएम फुगतो. वारा असेलच तर दोन विरुद्ध दिशांना तोंड करून दोन मोजण्या घ्या आणि सरासरी काढा. जागा स्वच्छ झाडलेली हवी. पूर्ण ताकदीवर उभा प्रोपेलर जमिनीवरचे खडे अक्षरशः ओढून घेतो, आणि त्या एका मिनिटात पात्यांना पडलेल्या खाचा पुढे वर्षभर घासत बसाव्या लागतात.

आणि हा आकडा विमानातल्या टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या उपकरणावर, वाचू नका. जुन्या यांत्रिक टॅकोमीटरमधलं चुंबक वयानुसार कमजोर होतं आणि काटा कमी दाखवायला लागतो. 50 ते 100 आरपीएमची चूक मला नवी नाही. हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर मिळतो. पात्यांची संख्या त्यात भरा आणि प्रोपेलरकडे रोखा. एका मालकाने मला सांगितलं होतं की इंजिन 2200 च्या वर जातच नाही, बहुतेक ओव्हरहॉल करावं लागेल. ऑप्टिकलने मोजलं तर 2290. इंजिन ठणठणीत होतं. उलट तो इतकी वर्षं क्रूझला समजत होता त्याहून 90 आरपीएम जास्त फिरवत होता.

दुसरी मोजणी खुद्द प्रोपेलरची. हबवर, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या भागावर, मॉडेल, सीरियल नंबर आणि पिच ठोकलेले असतात. 7557 असा आकडा दिसला तर व्यास 75 इंच आणि पिच 57 इंच. पिच म्हणजे न घसरता एका फेरीत प्रोपेलर जितकं पुढे जाईल ते अंतर. 57 इंच पिच 2700 आरपीएमला म्हणजे सुमारे 127 नॉट, घसरण शून्य धरून. प्रत्यक्षात घसरण असतेच, म्हणून विमान त्याच्या खाली राहतं. हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी एकदा करून पाहा. प्रोपेलर कुठल्या कामासाठी घडवलाय ते त्यातून कळतं.

इथे एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तक्रारीशी तो फार मिळताजुळता आहे. एक विमान माझ्याकडे आलं, तक्रार हीच, चढत नाही. हबवर 57. लॉगबुकमध्ये पिच बदलल्याची नोंद नाही. ऑप्टिकलने मोजलेला स्टॅटिक आरपीएम मात्र डेटा शीटच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी. इंजिन तपासलं, काही दोष नाही. शेवटी प्रोपेलर उतरवून टेबलावर घेतला, हबपासून एकेक स्टेशन (ठरावीक अंतरावरची जागा) मोजून पात्यावर खडूच्या रेघा मारल्या आणि तीन चतुर्थांश त्रिज्येच्या रेघेवर प्रोट्रॅक्टर टेकवला. 75 इंची प्रोपेलरला तिथे 57 इंच पिचसाठी कोन सुमारे 17.9 अंश यायला हवा. बुडबुडा मध्ये आला तेव्हा वाचन 18.7 होतं. दुसऱ्या पात्यावरही तेच. म्हणजे कुणीतरी कधीतरी क्रूझच्या हौसेपायी पाती वळवून पिच 60 च्या आसपास नेलं होतं आणि हबवरचा आकडा बदललाच नव्हता. एका अंशाहूनही कमी फरक. डोळ्याला दिसणं शक्य नाही, हातालाही लागत नाही. पण त्याने चढताना 75 आरपीएम खाल्ले होते. प्रोपेलर मान्यताप्राप्त दुकानात पाठवून 57 ला आणला, नोंदी नीट केल्या, आणि मालकाने नवा प्रोपेलर घेण्याचा विचार सोडला.

प्रोपेलर उतरवलेला असतानाच पात्याची पुढची कड बघा. नख हलकेच टोकाकडून हबकडे फिरवा. जिथे नख अडकतं तिथे खाच. ती कानशीने गोलसर, उथळ करून, खोलीच्या साधारण दहापट लांबीत पसरवून संपवायची असते, आणि किती खोल चालेल ते निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. पण वर्षानुवर्षं असं घासून घासून कड सपाट होते. तिचा मूळचा गोलवा जातो, पात्याची रुंदी कमी होते. असा प्रोपेलर कागदोपत्री तोच असतो, हवेत तो नसतो. दुकानात ओव्हरहॉल करताना ते किमान रुंदी आणि जाडी मोजतात, कडेला पुन्हा आकार देतात. माझ्या अनुभवात नव्या प्रोपेलरने जे मिळालं असं लोक सांगतात, त्यातला बराच भाग नुसत्या चांगल्या कडेचा असतो.

हे करताना एक गोष्ट जीव तोडून सांगतो. इंजिनावर बसवलेल्या प्रोपेलरला हात लावताना तो सुरू होणारच आहे असं समजून हात लावा. स्विच बंद असला तरी मॅग्नेटोची ग्राउंडची तार तुटलेली असू शकते, आणि मग हाताने दिलेला अर्धा फेरा पुरतो. मी प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढल्याशिवाय प्रोपेलर फिरवून बघत नाही.

आता पर्यायांकडे वळू. सगळं मोजून झालं, इंजिन चांगलं, प्रोपेलर हबवरच्या आकड्याप्रमाणे आहे, तरीही चढ कमी पडतोय, असं धरून.

माझा पहिला सल्ला पिच कमी करण्याचा असतो. एक इंच पिच कमी केल्यास साधारण 25 आरपीएम वाढतात. वरच्याच हिशोबाने इंचामागे मिनिटाला 15 ते 20 फूट चढ. डेटा शीट परवानगी देत असेल आणि तुम्ही तीन इंच खाली गेलात, तर 50 ते 60 फूट. आकडा छोटा वाटतो. पण जिथे 300 फूटच मिळतात तिथे तो पाचवा हिस्सा आहे, आणि त्यासाठी विमानात एक ग्रॅमही वजन वाढत नाही. बदल्यात क्रूझला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फिरेल, आवाज वाढेल, आणि कमी उंचीवर पूर्ण थ्रॉटल दिलात तर 2700 ची लाल रेघ ओलांडली जाईल. म्हणजे थ्रॉटल मागे ओढायची सवय लावावी लागेल. तुमची बहुतेक उड्डाणं लहान धावपट्ट्यांवरून आणि तासाभराची असतील तर मी हेच करेन. तीनतीन तासांचा प्रवास नेहमीचा असेल तर नाही.

तीन पात्यांबद्दल लोकांच्या मनात एक समज पक्का आहे, की पातं वाढलं म्हणजे ओढ वाढली. त्याच ताकदीला, त्याच आरपीएमला तीन पाती लावायची तर व्यास कमी करावा लागतो, आणि हलक्या विमानाच्या वेगाला मोठा व्यास नेहमी फायद्याचा असतो. क्रूझला तीन पात्यांचा प्रोपेलर सहसा एखाद-दोन नॉट मागे पडतो. त्याचे खरे गुण दुसरे आहेत. जमिनीपासून अंतर वाढतं, टोकाचा वेग कमी झाल्याने आवाज कमी होतो, आणि आतल्या माणसाला कंपन कमी जाणवतं. टोकाच्या वेगाचा हिशोब करून बघा. 75 इंच व्यास 2700 आरपीएमला म्हणजे टोक सेकंदाला सुमारे 269 मीटर जातं, ध्वनीच्या वेगाच्या जवळजवळ 0.8 पट. त्यात विमानाचा स्वतःचा वेग मिळवला की टोकाजवळची हवा कुरकुरायला लागते, आणि विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना जो कर्कश आवाज ऐकू येतो तो मुख्यतः तिथला. शेजाऱ्यांच्या तक्रारी असतील, किंवा गवताच्या, खडबडीत धावपट्टीवर उतरत असाल, तर तीन पाती जरूर बघा. तुम्ही लिहिलेल्या दोन अडचणींपैकी मात्र एकही त्याने सुटणार नाही.

कॉन्स्टंट स्पीड हा चढण्याचा खरा इलाज. उठताना 2700, क्रूझला 2300 किंवा 2400 वर शांत, दोन्ही एकाच प्रोपेलरवर. पण हा प्रोपेलर एकटा येत नाही, आख्खं बिऱ्हाड घेऊन येतो. पहिला प्रश्न क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा. प्रोपेलरचं पिच बदलायला इंजिनचं तेल क्रँकशाफ्टच्या आतून हबपर्यंत जावं लागतं. तुमच्या इंजिनाच्या मॉडेलचं क्रँकशाफ्ट पुढून भरीव असेल तर इंजिन उघडून शाफ्ट बदलल्याशिवाय हे होणार नाही, आणि मग माझ्या मते हा विषय तिथेच मिटवावा. लायकोमिंगच्या 320 आणि 360 मालिकेत भरीव आणि पोकळ दोन्ही प्रकार आहेत. मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षर-आकड्यांवरून ते कळतं, म्हणून डेटा प्लेटचा फोटो आधी घ्या. शाफ्ट पोकळ असेल तरी गव्हर्नर (पिच बदलायला तेलाचा दाब नियंत्रित करणारं यंत्र) बसवायची जागा आणि त्याचा ड्राइव्ह इंजिनावर आहे का, ते पाहावं लागेल. आणि पोकळ शाफ्टवर इतकी वर्षं फिक्स्ड पिच लावलेला असेल, तर शाफ्टच्या आतल्या भिंतीला गंज आहे का हे आधी तपासायचं. या गंजाबद्दल 320 आणि 360 साठी एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हच (उड्डाणयोग्यतेबद्दलचा बंधनकारक आदेश) आहे, कारण त्याने शाफ्टला तडे गेलेले आहेत.

पुढे गव्हर्नर, त्याची तेलाची नळी, कॉकपिटमध्ये निळ्या मुठीची नवी केबल, मॅनिफोल्ड प्रेशर गेज, नवा स्पिनर (हबवरचं टोकदार झाकण), कधी काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, नाकात फेरबदल. वजन साधारण 10 किलोने वाढतं आणि ते विमानाच्या अगदी टोकाला वाढतं. गुरुत्वमध्याच्या 2 मीटर पुढे 10 किलो म्हणजे 1,000 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य 2 सेंटीमीटर पुढे सरकतो. चौघं बसलेले असताना ते चालून जाईल. पण एकटे उडत असाल, मागे सामान नसेल, तर नाक जड होऊन उतरताना एलेव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीचा भाग) कमी पडू शकतो. लाकडी गाभ्यावर काँपोझिटचं आवरण असलेले प्रोपेलर घेतले तर हे वजन बरंच वाचतं, आणि लाकूड कंपनही छान जिरवतं. फक्त पाऊस आणि खड्यांपासून पुढच्या कडेला असलेली धातूची पट्टी सांभाळावी लागते.

देखभालही आयुष्यभर मागे लागते. हार्टझेल कंपनीच्या अशा बऱ्याच प्रोपेलरना 2,000 ते 2,400 तास किंवा 6 वर्षं, जे आधी येईल तेव्हा ओव्हरहॉल सांगितलेलं आहे. वर्षाला 60 तास उडणाऱ्याचे 6 वर्षांत 360 तास होतात. म्हणजे प्रोपेलर न वापरताच म्हातारा होतो, हबमधली सीलं कडक होतात, ग्रीस गळायला लागतं. शिवाय चालवायची पद्धत बदलते. एक इंजिनाच्या विमानात नेहमीच्या रचनेत तेलाचा दाब पिच वाढवतो, आणि दाब गेला की पाती बारीक पिचला येऊन इंजिन पळत सुटतं. त्या वेळी थ्रॉटल मागे आणि नाक किंचित वर, हे हातात मुरलेलं हवं. कुणा प्रशिक्षकासोबत काही तास उडल्याशिवाय हा प्रोपेलर एकट्याने वापरू नका.

यापुढचं प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात माणसं गेलेली आहेत. बोल्ट जुळले म्हणजे प्रोपेलर जुळला असं होत नाही. प्रोपेलर आणि क्रँकशाफ्ट मिळून कंप पावणारी एकच वस्तू असते. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोन धक्के देतं. हे धक्के शाफ्टला पिळतात, शाफ्ट पात्यांना हलवतो, आणि ठरावीक आरपीएमला पात्याची स्वतःची वारंवारता आणि इंजिनाचे धक्के एकमेकांत मिसळतात. तेव्हा पातं इतकं वाकतं-सरळ होतं की धातू थकतो. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून निर्माते पात्यांवर स्ट्रेन गेज (ताण मोजणारी उपकरणं) चिकटवून प्रत्येक इंजिनाशी जोडी तपासतात, आणि त्यातूनच टॅकोमीटरवरचे निषिद्ध पट्टे येतात. ओ-360 वरच्या सेन्सेनिक कंपनीच्या 76 इंची एका मालिकेला 2150 ते 2350 मध्ये सतत चालवू नका असा निर्बंध आहे. त्याच इंजिनावरच्या हार्टझेलच्या एका नेहमीच्या दोन पात्यांच्या जोडीला 2000 ते 2250. इंजिन एकच, प्रोपेलर बदलला की पट्टा बदलला.

एकदा एक गृहस्थ वापरलेला प्रोपेलर गाडीत घालून माझ्याकडे आले. त्यांच्या विमानासाठी मंजूर होता त्यापेक्षा व्यासाने मोठा, दुसऱ्या विमानावरून उतरवलेला, पण बोल्टची वर्तुळं तंतोतंत जुळत होती. मी लावून दिला नाही. ते नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला समजत होती. मी त्यांना एक हिशोब कागदावर करून दाखवला. 2700 आरपीएमला पात्याच्या टोकाचा 100 ग्रॅमचा तुकडा निखळला, तर दुसऱ्या बाजूची जी ओढ मोकळी होते ती साधारण 750 किलोची असते. इंजिन माउंट ते किती सेकंद धरून ठेवील? कागदाकडे बघत ते बराच वेळ बसले, आणि प्रोपेलर परत गाडीत ठेवला.

म्हणून प्रमाणित विमानाला जो प्रोपेलर लावाल तो एकतर टाइप सर्टिफिकेटच्या डेटा शीटमध्ये असला पाहिजे, नाहीतर त्याच इंजिन-विमान जोडीसाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मूळ रचनेतल्या बदलाची अधिकृत मंजुरी) असलं पाहिजे. विमान ज्या देशात नोंदलं आहे तिथल्या प्राधिकरणाला ते मान्य आहे ना, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. व्यास कमी करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर त्यालाही हाच नियम. एक इंच व्यास जवळजवळ दोन इंच पिचइतका फरक करतो, पण मर्यादेखाली कापलेलं पातं पुन्हा वाढत नाही, आणि कापल्याने त्याची कंपनाची वारंवारताही बदलते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात प्रोपेलर आणि जमीन यांत किमान 7 इंच, शेपटीला चाक असलेल्यात 9 इंच अंतर हवं, हेही मोठा व्यास घेताना विसरू नका.

घरी बांधलेल्या किंवा अल्ट्रालाइट विमानांत मोकळीक जास्त असते आणि जमिनीवर पिच जुळवता येणारे प्रोपेलर तिथे उत्तम काम देतात. भौतिकशास्त्र मात्र तेच. रोटॅक्स 912 यूएलएस सारख्या इंजिनात 2.43 पटीचा गिअरबॉक्स असतो, त्यामुळे इंजिन 5800 ला असताना प्रोपेलर 2390 च्या आसपास फिरतो, आणि जड प्रोपेलर लावला तर पहिला मार त्या गिअरबॉक्सला बसतो. प्रोपेलरच्या जडत्वाची मर्यादा इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती बघूनच घ्या.

नवा किंवा दुरुस्त केलेला प्रोपेलर बसवल्यावर डायनॅमिक बॅलन्सिंग करून घ्या. मॅन्युअलच्या टॉर्कने बोल्ट आवळले, सेफ्टी वायर घातली, की कंपन मोजायचं यंत्र लावून विमान चालवतात आणि स्पिनरच्या मागच्या प्लेटवर काही ग्रॅम वजन योग्य कोनात लावतात. सेकंदाला 0.2 इंचाच्या वर असलेलं कंपन 0.07 च्या खाली आणता येतं, आणि त्यानंतर उपकरणांचे काटे थरथरायचे थांबतात. वजन आणि गुरुत्वमध्याची नवी नोंद करा. लाकडी प्रोपेलर असेल तर मॅन्युअल सांगेल त्या अंतराने बोल्ट पुन्हा तपासा, कारण लाकूड हवामानानुसार आकसतं आणि फुगतं.

आणि फरक मोजायचा असेल तर आधीचे आकडेही हवेत. प्रोपेलरला हात लावण्याआधी एका शांत सकाळी त्याच वजनाला, त्याच उंचीवर मिनिटाचा चढ घड्याळाने मोजा, आणि जीपीएसवर तीन वेगवेगळ्या दिशांना उडून वेग काढा. तापमान लिहून ठेवा. नंतर तसंच पुन्हा. हे न करता दिलेला अभिप्राय मी कुणाचाच धरत नाही, स्वतःचाही नाही.

तर तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात: इंजिनाच्या डेटा प्लेटवरचं पूर्ण मॉडेल, हबवर ठोकलेले सगळे आकडे, ऑप्टिकलने मोजलेला स्टॅटिक आरपीएम, आणि पूर्ण वजनाला चढताना आरपीएम किती राहतो ते. पुढच्या कडेचा जवळून काढलेला एक फोटो जोडलात तर आणखी बरं. एवढं पाठवा, मग पिच कमी करून भागेल की कॉन्स्टंट स्पीडकडे जावं लागेल, हे मी आकड्यांवरून सांगू शकेन.